दहाव्याचे मांजर

आप्पांच्या दहाव्याला कावळा शिवेना. घरामागच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरल्या की खाडी लागते. तिथे काठावर पिंड मांडलेले होते, माडांवर कावळे बसलेले होते, आणि उभयतांमध्ये कसलाही व्यवहार होत नव्हता. आप्पांचा मुलगा विनीत याच्या मते यात गूढ काही नव्हते. खाडीवरचा कावळा मासळी खाऊन तृप्त असतो आणि अळणी भातासाठी झाडावरून उतरण्याइतका तो भाविक नसतो. विनीत मुलुंडला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासत असे. पुराव्यावाचून तो खोकल्याचे औषधही बाहेर जाऊ देत नसे. परंतु ओल्या धोतरात उघड्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाच्या मताला फारसे वजन नसते.

"दादाची इच्छा राहिलीय," आप्पांचे धाकटे भाऊ धाकूकाका म्हणाले. "कबूल करा एकेक."

आप्पांचा कुत्रा टायगर याला सांभाळण्याचे कबूल झाले. हापूसची कलमे न विकण्याचे कबूल झाले. कावळे ढिम्म.

"आईला एकटी ठेवणार नाय, मुंबैला नेईन, असं म्हण," काकांनी विनीतला कोपराने ढोसले. विनीतने तेही म्हटले. एका कावळ्याने मान वळवली, ती खाडीकडे.

मग आई पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून, हात जोडून, ओठांतल्या ओठांत ती काहीतरी पुटपुटली. काठावर उपड्या घातलेल्या होडीखालून तीन रंगांचे एक मांजर बाहेर आले. त्याने सावकाश आळस दिला, पिंडावरचे दही चाटले आणि मग भातालाही तोंड लावले.

"दादा आला रे!" धाकूकाका ओरडले. सकाळपासून ते उपाशी होते.

भटजींनी क्षणभर विचार केला. "शास्त्रात मांजराचा उल्लेख नाही. म्हणजे निषेधही नाही," असा निर्णय देऊन त्यांनी पिशवी आवरली, त्यांना पालीला दुसरे दहावे गाठायचे होते.

त्याच दुपारी ते मांजर आप्पांच्या वेताच्या आरामखुर्चीत चढून झोपले.

दोन महिन्यांनी विनीत आईला न्यायला रत्नागिरीत आला, तेव्हा मांजराचा कारभार पक्का झाला होता. आप्पा तीस वर्षे बोटीवर होते आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षे त्या खुर्चीत. मांजरही खुर्चीत कुणाला बसू देत नसे, न सांगता बाहेर जाई, केव्हाही परत येऊन मांदेली मागे, आणि ताटलीत वेगळे काही दिसले की घरातल्यांकडे पाठ फिरवून बसे. एवढ्या पुराव्यावर सगळ्या वाडीने त्याला आप्पा म्हणायला सुरुवात केली होती. आई त्याच्याशी 'अहो' म्हणून बोलत असे.

"हे इथे असताना मी मुंबईला कशी येऊ?" ती म्हणाली. "शोभतं का ते?"

विनीतने मुलुंडच्या घरात आईसाठी खोली रिकामी केली होती. काठावर दिलेल्या शब्दाची त्याला पर्वा नव्हती. सत्तरीची बाई एकटी राहते, एवढे कारण त्याला पुरेसे होते. धाकूकाकांचे कारण निराळे होते. त्यांना रिकाम्या घरात पर्यटकांची सोय करायची होती.

"तू सायन्सवाला," त्यांनी विनीतला बाजूला घेतले. "ते मांजर हाय एवढं सिद्ध कर."

"ते मांजर आहे हे सिद्ध करायला सायन्स लागत नाही, काका. तुम्हीच सांगा ना तिला."

"मी कोणत्या तोंडानं सांगू मेल्या? मीच बोंबललो ना!"

विनीतने काम हाती घेतले. प्रथम त्याने आईला समजावले की तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. रंगाचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. सबब हे आप्पा असू शकत नाहीत.

"बाईचा जन्म मिळाला असेल," आई लसूण सोलता सोलता म्हणाली. "बरंच झालं. कळू दे."

मग त्याने टायगरचा उपयोग करायचे ठरवले. कुत्र्याविषयी त्याला आदर होता. कुत्र्याचे वर्तन नियमात बसते: हाक मारली की येतो, रागावले की कान पाडतो. आप्पा खुर्चीत असले की टायगर शेपूट हलवत त्यांच्या पायांशी आडवा होई. खुर्चीत उपरे मांजर असेल, तर तो घर डोक्यावर घेईल. विनीतने पडवीत शेजाऱ्यांच्या देखत त्याला साखळीतून सोडले. टायगर धावत खुर्चीपाशी गेला, त्याने मांजराचे कान हुंगले, शेपूट हलवली आणि खुर्चीखाली आडवा झाला.

"ओळखलंन!" शेजारची हौसा म्हणाली आणि डोळे पुसून ती बातमी पुढच्या घरी द्यायला निघाली.

उत्तर आधी ठरवून प्रयोग केला की असे होते, हे विनीत आपल्या हाताखालच्या लोकांना नेहमी सांगत असे. चिडून त्याने मांजराला मानगुटीला धरून खाली ठेवले आणि स्वतः खुर्चीत बसला. मांजराने त्याच्याकडे पाहिले, मिशा साफ केल्या, बाजूचा ओटा गाठला आणि अत्यंत शांतपणे त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत समांतर रेघा ओढल्या.

"तुला लहानपणी सांगितलं होतं," आई म्हणाली, "त्यांच्या खुर्चीत बसू नको म्हणून."

हळदीचा आग्रह मोडून त्याने हात साबणाने धुतला आणि तो सरकारी दवाखान्यात गेला. इंजेक्शनाच्या रांगेत सगळे कुत्रा चावलेले होते. कुत्रा चावलेल्या माणसाला एक प्रतिष्ठा असते. तो हल्ल्याची हकीकत सांगतो आणि लोक ऐकतात. 'मांजर' म्हणताच रांग हसली.

"कोणाचं मांजर?" नर्सने विचारले. "वडिलांचं" असे उत्तर देताना विनीत किंचित अडखळला.

परत आल्यावर तो मागच्या दाराच्या पायरीवर हात फुंकत बसला, आणि तिथे त्याला पहिल्यांदा खरा पुरावा दिसला. दाराला निळा ऑइलपेंट होता. गेल्या गणपतीआधी आप्पांनी तो स्वतः दिला होता. त्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आले होते. चौकटीच्या खालच्या भागावर नखांचे ओरखडे होते. काही ताजे, त्यांत पांढरे लाकूड दिसत होते. बाकीचे जुने, आणि त्या जुन्या ओरखड्यांच्या तळाशी निळा रंग साचलेला होता. म्हणजे रंगाच्या आधी ओरखडे होते. त्याने आपला हात चौकटीजवळ धरून पाहिला. अंतर तेच, बारकाई तीच. कुत्र्याचे नख बोथट असते; ते लाकूड खरवडते, असे रेखीत नाही.

"आई, हे दार कोण ओरबाडायचं?"

"आप्पा म्हणायचे, टायगर."

"टायगर नव्हे."

आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "बिचाऱ्याने दोनदा मार खाल्लान त्यापायी," ती म्हणाली. "आणि मार खाऊन वर शेपूट हलवलीन. कुत्र्याचं हे असं."

"हे मांजर किती वर्षं येतंय इथे?"

"पाच-सहा. तुझ्या वडिलांना मांजर खपायचं नाही. ते दुपारी घोरायला लागले की ही दार ओरबाडायची, मी मासळीची डोकी घालायचे. टायगरला दोन दिली, की तो गप्प."

विनीतला प्रयोग आठवला. टायगरने खरोखरच ओळखले होते. फक्त आप्पांना नव्हे. मग त्याला खाडीचा काठ आठवला, जोडलेले हात आठवले.

"दहाव्याला तू काय पुटपुटलीस?"

"मनी, मनी, मनी," आई म्हणाली. "दुसरं काय? ऊन चढलं होतं, आणि तुझा काका तुझ्याकडून एकेक वदवून घेत होता. म्हटलं, कावळा शिवला तर मला गाशा गुंडाळावा लागेल. ही शिवली तर बघू."

"म्हणजे तुला हे आप्पा वाटतच नाहीत."

"खुळा की काय तू? आप्पा असते, तर झाडू दाखवल्यावर हिच्यासारखे उठले असते?" ती हात पुसत पायरीवर त्याच्याशेजारी बसली. "ते बोटीवर होते तेव्हा हे घर माझं होतं. मग अकरा वर्षं खुर्चीचं झालं. आता कुठे परत माझं झालंय. कुत्रं माणसामागून जातं रे विन्या, मांजर घराला धरून राहतं. तुझी खोली चांगली असेल. तिला मागचं दार आहे?"

नव्हते. खोलीला पाइपांच्या डक्टकडे उघडणारी एक खिडकी होती. आईचा रक्तदाब, पायऱ्या, पावसाळा, हे सगळे मुद्दे अजून खरे होते. पण ते मांडावेत असे विनीतला वाटेना.

संध्याकाळी धाकूकाका आले, ते मोजपट्टी घेऊनच. "काय ठरलं सायन्सचं?" असे विचारत त्यांनी पट्टीचे टोक भिंतीला लावून ती पडवीभर ओढली. "इथे दोन संडास काढायचे."

जमिनीवरून सरकणारी पिवळी पट्टी पाहून खुर्चीतल्या मांजराचे डोळे गोल झाले. ते खाली उतरले आणि पोट जमिनीला टेकवून, ढुंगण हलवत दबा धरून बसले. इतके निखळ मांजर विनीतने आजवर पाहिले नव्हते. मग मांजराने झेप घेतली. काकांनी पट्टी ओढली, मांजराने काका ओढले.

"अगो आई गं!" काका मनगट धरून खाली बसले. "बघ, बघ! मांजर हाय ते, साधं मांजर!"

विनीतने स्वतःचा हात त्यांच्या हाताशेजारी धरला आणि दोन्हीकडचे ओरखडे नीट तपासले.

"काका, मी सगळ्या चाचण्या केल्या," तो म्हणाला. "तुम्ही दहाव्याला म्हणालात तेच खरं. आप्पाच आहेत."

"अरे, पण तू सायन्सवाला ना?"

"म्हणूनच सांगतो. वाडीत विचारा, टायगरने सगळ्यांसमक्ष ओळखलंन. त्यांना हयातीतसुद्धा घरात मोजमाप केलेलं चालायचं नाही."

काकांनी खुर्चीकडे पाहिले. मांजर परत तिथे चढले होते आणि वेतावर नखे पाजळत होते. काकांच्या चेहऱ्यावर प्रथम संताप होता. मग, विनीतने नोंद घेतली, किंचित भीती. त्यांनी मोजपट्टी हळूच गुंडाळली.

"साबणाने धुवा," विनीत म्हणाला. "आणि उद्या माझ्याबरोबर इंजेक्शनाला चला. माझा दुसरा डोस असेल तेव्हा परत जाऊ."

"कुणाचं मांजर म्हणून सांगायचं तिथे?"

"भावाचं म्हणा."

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने कप ठेवले, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खुर्चीवर आपटला.

"अहो, उठा," ती म्हणाली. "झाडायचं आहे."

मांजर उठले नाही. आई त्याच्याभोवतीने झाडू लागली.