‘कधीच नाही’ला शून्य गुण

मी पेणचा. आमच्या घरात आजोबांपासून सगळे शिक्षक, त्यामुळे शुद्ध मराठीचा अभिमान मला जन्मतःच मिळाला. कमवावा लागला असता तर कदाचित जरा कमी असता. रोह्याच्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवतो. रोज मोटारसायकलवरून जाताना नागोठण्यापर्यंत मनातल्या मनात भाषण करतो आणि नागोठण्याच्या पुढे त्याला टाळ्या मिळवतो.

माझ्या पीएचडीचा विषय असा: विद्यार्थ्यांमधलं इंटरनेटचं व्यसन ओळखायची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची, आणि इंग्रजीत ती जे मोजते तेच मराठीतही मोजते का, हे तपासायचं. यातलं भाषांतर हा सगळ्यात सोपा भाग आहे असं मला वाटत होतं, कारण तो मी करणार होतो.

नियम असा की, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाने मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रजी जुळली तर भाषांतर बरोबर. माझी बायको ईरा शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून कागद तिच्या हातात दिला. पहिलाच प्रश्न होता, ‘संकल्पित कालमर्यादेचे उल्लंघन करून आपण आंतरजालावर विहार करता काय?’

ईराने केलेल्या इंग्रजीचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा होता: ‘व्रत मोडून तुम्ही जाळ्यावर सहलीला जाता का?’

“हे काय केलंस?” मी विचारलं.

“तू लिहिलंयस तेच केलं. शौनक, हे तू विचारणार कुणाला आहेस? ऋषींना?”

मी रागावलो. राग ओसरल्यावर तिला न सांगता बरेच शब्द बदलले. ‘आंतरजाल’ मात्र सोडवेना. मग रोह्याच्या वर्गात पहिली चाचणी घेतली तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “सर, हे आंतरजाल प्ले स्टोअरवर हाय का?” वर्ग खो खो हसला. मीही हसलो. घरी येऊन सगळीकडे ‘नेट’ लिहिलं, आणि ‘दैनंदिन कर्तव्यांची उपेक्षा’ जाऊन तिथे ‘नेटच्या नादात अभ्यास राहतो का?’ असा साधा प्रश्न आला.

सुधारलेली प्रश्नावली पावसाळ्यात पेण आणि रोह्याच्या मुलांकडून भरून घेतली. ‘कधीच नाही’ला शून्य गुण, तिथून चढत चढत ‘नेहमी’ला सर्वांत जास्त. बेरीज जितकी मोठी तितकं व्यसन जास्त. आता शेवटची परीक्षा उरली होती. पेणच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर नमिता यांनी काही मुलांशी समोर बसून बोलायचं होतं, कुणाला किती गुण आहेत हे न पाहता. त्यांचं मत आणि माझी बेरीज जुळली की मी जिंकलो.

त्यांचं मत यायच्या आधीच मी माझा हुकमी एक्का निवडून ठेवला होता. हमरापूरची मनाली. तिची बेरीज सगळ्यांत मोठी. खरं सांगतो, मला आनंद झाला. एका मुलीचं आयुष्य नेटपायी वाया चाललंय याचा आनंद होणारा माणूस आपल्याकडे मानसशास्त्र शिकवतो, हे आमच्या प्राचार्यांना अजून माहीत नाही. तिच्यावर प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण लिहायचं, हेही माझं ठरून गेलं होतं.

“ही मुलगी ठणठणीत आहे,” डॉक्टर नमिता म्हणाल्या.

“शक्य नाही. ‘फोन हातात नसला की बेचैन होता का?’ या प्रश्नाला तिचं उत्तर ‘नेहमी’ असं आहे.”

“होणारच. घरी गणपतीचा कारखाना आहे, आणि सगळ्या ऑर्डरी तिच्या फोनवर. कुणाला पितांबराचा रंग बदलून हवा, कुणाला डोळे रंगवताना व्हिडिओवर बघायचंय. फोन उचलला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जाणार. गणपती झाले की फोन कपाटात टाकून झोप काढते, म्हणाली.”

माझं प्रकरण तिथल्या तिथे बुडालं. मी पाण्याचा घोट घेतला.

“आणि तुमच्या रोह्याचा साईराज,” त्या पुढे म्हणाल्या, “त्याला मदत लागणार आहे, आणि लवकर. त्याला विचारूनच तुम्हाला सांगतेय.”

मी कागद काढून पाहिले. साईराजची बेरीज नगण्य होती. ‘कधीच नाही’, ‘कधीच नाही’, अशी पानभर रांग. मी तर त्याला मनातल्या आदर्श विद्यार्थ्यांमध्ये बसवून टाकलं होतं.

माझे मार्गदर्शक दिनानाथ सर यांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, “दोघंच ना? अपवाद म्हणून नोंदवा आणि पुढे चला. परिषदेत निबंध वाचायचाय तुम्हाला.” मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की सरांनाही जरा नवल वाटलं असावं.

जेवताना ईराला हे सांगितलं. तिने विचारलं, “त्या मुलाला भेटलास का?”

“तो माझ्याच वर्गात आहे.”

“भेटलास का, विचारतेय.”

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मान वर करून पाहिलं. साईराज नव्हता. मुलांना विचारलं तर म्हणाली, सर, तो कधीचा येत नाय. विद्यार्थ्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या माणसाला वर्गात कोण नाही याचा पत्ता नव्हता. तास संपवून मी पूल ओलांडला आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात त्याचं घर शोधत गेलो.

दार साईराजनेच उघडलं. गळ्यात हेडफोन, डोळे सुजलेले. मला बघून गडबडला, पण आत बोलावून पाणी दिलं. वाटेत तयार केलेलं भाषण मी सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्यात ‘आभासी विश्व’ म्हणालो. त्याने इतक्या नम्रपणे मान हलवली की मी भाषण सोडलं आणि सरळ प्रश्नावर आलो.

“साईराज, तू फॉर्ममध्ये लिहिलंस ते खरं आहे?”

“व्हय सर. सगळं खरं हाय.”

“‘नेटवरून घरचे बोलतात का?’ याला तू ‘कधीच नाही’ लिहिलंयस.”

“कोण बोलणार? आजी अंथरुणाला खिळलीय, म्हणून आई म्हसळ्याला तिच्याकडं. पप्पा कंपनीत, शिफ्टला. ते येतात तवा मी झोपलेला, मी उठतो तवा ते झोपलेले.”

“‘किती वेळ नेटवर असता हे लपवता का?’”

“कुणापासून लपवू सर?”

“‘मित्रांना भेटण्यापेक्षा नेटवर राहणं आवडतं का?’”

“माझे मित्र गेममधेच हायेत. त्यांना भेटायलाच तर नेटवर जातो.”

“‘अभ्यास राहतो का?’”

तो खाली बघू लागला. “अभ्यास करतच नाय, तर राहणार काय?” मग माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. “फॉर्म चांगला हाय सर. पण तो ज्यांच्या घरात माणसं हायेत त्यांचा हाय.”

त्या फॉर्मबद्दल मी जे काही शिकलो होतो ते सगळं तिथे संपलं. शेवटी विचारलं, “जेवलास का?”

त्याला आठवायला वेळ लागला. “बिस्किटं खाल्ली.”

खालच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. खाताना तो सारखा फोन बघायचा आणि दर वेळी “सॉरी सर” म्हणायचा. मध्येच, मी काही न विचारता, म्हणाला, “एकदा गेम काढून टाकला होता. हातांना काय काम द्यावं तेच कळेना. मग परत टाकला. मला भीती वाटते सर, हे आता सुटायचं नाय.” त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, संदर्भांसकट. मी पाव मागवले.

त्याला विचारून मी त्याच्या वडिलांना, प्रविणरावांना, सुट्टीच्या दिवशी भेटायला गेलो. त्यांनी आदराने खुर्ची दिली. “पोरगा गुणी हाय सर,” ते म्हणाले. “घराबाहेर पडत नाय, कसलं व्यसन नाय. शांत हाय एकदम.”

मला त्यांना दोष देता येईना. माझ्या फॉर्मचं मतही अगदी हेच होतं.

साईराज भिंतीला टेकून उभा होता. तोच म्हणाला, “पप्पा, मी कॉलेजला जात नाय. दिवाळीपासून. दिवसरात गेमच खेळतो.”

मला वाटलं, आता आवाज चढणार. मध्ये पडायच्या तयारीने मी खुर्चीच्या कडेला सरकलो. प्रविणराव उठून मुलाजवळ गेले. मग हळू आवाजात म्हणाले, “मग मला उठवायचंस ना.”

साईराज रडायला लागला. मी खुर्चीच्या कडेवरून पुन्हा मागे सरकून बसलो. माझी तिथे काही गरज नव्हती.

पुढचं सगळं सावकाश झालं. साईराज डॉक्टर नमितांकडे जाऊ लागला, कधी दांड्या मारू लागला, परत जाऊ लागला. प्रविणरावांनी कंपनीत दिवसपाळी मागितली, ती बऱ्याच खेपांनंतर मिळाली. साईराज प्रॅक्टिकलला दिसू लागला. गेम पूर्ण सुटला असं नाही, पण फोन बाजूला ठेवून एखादा तास तो बसू शकतो.

मी परिषदेतला निबंध मागे घेतला. दिनानाथ सर वैतागले. “शौनक, तुम्ही पीएचडी करताय की समाजसेवा?”

“दोन्ही जमत नाहीयेत सर,” मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच सरांना माझं म्हणणं शब्दशः पटलं.

प्रश्न पुन्हा मांडले. घरी विचारणारं कुणी आहे का, हे आधी विचारायचं. कामासाठीचा वेळ आणि नादापायी गेलेला वेळ वेगळा धरायचा. म्हणजे पेण-रोह्यात सगळी चाचणी पहिल्यापासून. माझं वर्ष गेलं. हे मी भेटेल त्याला इतक्या त्यागी सुरात सांगत होतो की शेवटी ईरा म्हणाली, “पुरे आता. लोक तुझ्या तब्येतीची चौकशी करायला लागलेत.”

परवा रविवारी सकाळी, नव्या प्रश्नांतला एक शब्द मुलांना कळेल का हे विचारायला साईराजला फोन केला. उचलला प्रविणरावांनी.

“सर, तो आंघोळीला गेलाय. आम्ही दोघं निघालोय म्हसळ्याला, त्याच्या आईला भेटायला. गाडी चुकेल. नंतर करा.”

मी ‘सावकाश जा’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

“काय म्हणाले?” ईराने विचारलं.

“वेळ नाही म्हणाले माझ्यासाठी,” मी म्हणालो. मला फार बरं वाटत होतं.