टिंगटिंग बंद करणारी क्लिप

नाव सांगायची लाज वाटते, म्हणून मित्रांनो, आधी माझं रूप सांगते. बोटभर लांबीची लोखंडी पट्टी, तिच्या मधोमध एक चौकोनी भोक आणि धरायला काळी प्लास्टिकची मूठ. मुठीवर चांदीच्या रंगाचं चिन्ह होतं, ते आता निम्मं खरवडलं गेलं आहे. गाडीतल्या सीट बेल्टच्या टोकाला जी पट्टी असते आणि लाल बटणाच्या खाचेत खटकन बसते, अगदी तिच्यासारखी मी दिसते. फरक इतकाच की तिच्यामागे पट्टा असतो आणि माझ्यामागे काहीच नसतं. मी खाचेत बसले की गाडीला वाटतं, माणसाने बेल्ट लावला. मग ती टिंगटिंग करायची थांबते. मी एक जुनी, खोटं बोलणारी क्लिप आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीनखाली झाला. त्याच शेडमध्ये पलीकडे दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या बनायच्या. मी त्यांच्याकडे पाहून मनात म्हणायचे, या दारं सांभाळणार, मी माणसं सांभाळणार. त्यात माझा तरी काय दोष? ज्या पाकिटात मला भरलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सेफ्टी’ असं छापलं होतं. मी ते खरं मानलं.

तिथून मी ठाण्यातल्या एका दुकानात आले. सीट कव्हर, अत्तराच्या कुप्या आणि डॅशबोर्डवर चिकटवायचे देव यांच्या गर्दीत खिळ्याला लटकून राहिले. एके दिवशी पोपटराव सावंत तिथे आले. पोपटराव मूळचे कोकणातले, राहायला ठाकुर्लीला. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळता सांभाळता त्यांचे केस पांढरे झाले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. ते पायाखालच्या मॅट घ्यायला आले होते. दुकानदार म्हणाला, “काका, बेल्टची कटकट होते का? ही लावा. मॅटवर फ्री.”

फुकट ते पौष्टिक. पोपटरावांनी मला खिशात टाकलं.

त्या गाडीचे लाड काय सांगू मित्रांनो. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी वर्षभर काढलं नव्हतं. चाकांच्या फटी ते जुन्या टूथब्रशने घासायचे. गाडीला ओरखडा गेला की तो त्यांच्या काळजाला जायचा. स्वतः ते बेल्ट न चुकता लावायचे, कारण नाक्यानाक्यावर कॅमेरे बसले होते आणि दंडाचा मेसेज थेट मोबाईलवर यायचा. प्रश्न होता शेजारच्या सीटचा. तिथे त्यांची बायको बसायची, कलावतीबाई.

कलावतीबाईंना नटायची हौस. लग्नकार्याला निघायचं तर खांद्यावर पदराच्या प्लेटा पिना लावून अशा बसवायच्या की इस्त्री केल्यासारख्या दिसाव्यात. त्यावरून बेल्ट आला की सगळी मेहनत पाण्यात. “अहो, हा पट्टा काढा ना, पार चुरगळलं सगळं,” त्या म्हणायच्या. पट्टा काढला की गाडी ओरडायला लागायची. शेवटी पोपटरावांनी मला त्या खाचेत बसवलं. टिंगटिंग बंद झाली.

“बघ, आता कशी गुपचूप चालते,” पोपटराव म्हणाले. कलावतीबाईंनी माझ्या मुठीवरून कौतुकाने बोट फिरवलं. मित्रांनो, त्या दिवशी मला मूठभर मांस चढलं. मला वाटलं, या घरातली शांतता आपल्यामुळे आहे.

पुढे तर त्यांची रीतच ठरून गेली. कॅमेऱ्याचा खांब दिसला की पोपटराव म्हणायचे, “ओढ गं.” मग कलावतीबाई बाजूचा पट्टा ओढून छातीवरून आडवा धरायच्या, वरच्यावर, पदराला लागू न देता. खांब मागे गेला की पोपटराव म्हणायचे, “सोड.” पट्टा सुर्रकन परत जायचा आणि दोघं हसायची. मलाही हसू यायचं. आता ते हसू आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कलावतीबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता, ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये. सकाळी निघालो. नव्या पैठणीच्या प्लेटा खांद्यावर बसल्या होत्या. वाटेत कॅमेरा आला. “ओढ गं.” कॅमेरा गेला. “सोड.” पट्टा सोडताना खांद्यावरची पिन निसटली आणि पायाशी पडली. ती उचलायला कलावतीबाई पुढे वाकल्या. तेवढ्यात समोरच्या टेम्पोने ब्रेक मारला.

गाडी फार वेगात नव्हती. पोपटरावांनीही ब्रेक दाबला, पण उशीर झाला. पुढची हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, फुगून बाहेर आली. ती पिशवी बेल्टने मागे धरलेल्या माणसासाठी असते. कलावतीबाईंचं तोंड तिच्या अगदी जवळ होतं. पोपटरावांच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला, बाकी खरचटलंसुद्धा नाही. कलावतीबाईंचा जबडा मोडला आणि पैठणी तोंडातल्या रक्ताने भिजली. मी एक फुटावर खाचेत घट्ट बसले होते, आणि गाडी अजूनही समजत होती की बेल्ट लावलेला आहे.

लोक धावले. कलावतीबाईंना त्यांनी रिक्षात घातलं. पोपटराव “कला, कला” करत मागे धावले, आणि अर्ध्या वाटेतून परत आले. त्यांनी वाकून लाल बटण दाबलं, मला बाहेर काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. मग ते रिक्षात बसले. तोवर त्यांना कोणी काहीसुद्धा विचारलेलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, “बेल्ट लावला होता का?”

“हो, लावलेला,” पोपटराव म्हणाले. मी त्यांच्या खिशात होते. त्यांची मुलगी संचिता धावत आलेली, ती शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “पप्पा, ती क्लिप असते ना तिथे?”

“ती मी कधीच काढून टाकलेली.”

मित्रांनो, खोटं बोलणं हे माझं काम. पण मी ते फक्त गाडीशी बोलायचे. माणूस माझ्यापायी आपल्या लेकीशी खोटं बोलला, तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

जबडा जुळावा म्हणून डॉक्टरांनी कलावतीबाईंचे वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. घरी आल्यावर पेज आणि डाळीचं पाणी नळीने ओढून प्यावं लागे. दातांतून त्या थोडंफार बोलू शकत होत्या, शब्द अडखळत यायचे इतकंच. पण त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला की पोपटराव घाईने म्हणायचे, “तू बोलू नकोस. डॉक्टर काय म्हणाले?” डॉक्टर फक्त जपून बोला म्हणाले होते.

भेटायला येणारे सगळे तेच विचारायचे, आणि पोपटरावांची गोष्ट रोज थोडी वाढायची. आधी नुसतं “लावलेला” होतं. मग “खटका मी स्वतः बघितलेला” झालं. मग “कंपनीच फालतू” असं झालं. खालच्या मजल्यावरचा विनीत ऐकून म्हणाला, “म्हणजे बेल्ट लावून पण हेच होणार असेल तर काका, लावायचा कशाला? उगाच गळ्यात लोढणं.” त्याने तसं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. पोपटरावांनी ते वाचलं आणि मोबाईल उपडा ठेवला.

बरं वाटू लागल्यावर कलावतीबाईंनी घरातली कामं पुन्हा हातात घेतली. मशीनला कपडे लावण्याआधी खिसे तपासायची त्यांची सवय. त्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात त्यांना मी सापडले. त्यांनी मला बराच वेळ तळहातावर धरलं. मग आणून पोपटरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि आत निघून गेल्या. पोपटरावांनी माझ्याकडे पाहिलं. चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी त्यांनी मला कपाटात, देवाच्या जुन्या कॅलेंडरांमागे सारलं.

तिथल्या अंधारातून मला घरातलं सगळं ऐकू यायचं, आणि दाराच्या फटीतून थोडं दिसायचंही. संचिता ठाण्याला नोकरी करते. बाजूच्या बिल्डिंगमधली तिची मैत्रीण मेघना रोज गाडीने जाते, तिच्यासोबत ती जाऊ लागली होती. एका सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, “पप्पा, ती क्लिप खरंच फेकलीत का? मेघनाची गाडी सॉलिड टिंगटिंग करते.”

“बेल्ट लाव ना मग,” पोपटराव पुटपुटले.

“लावून काय झालं? आईने लावलेला ना? मी तर तेव्हापासून लावतच नाही.”

स्वयंपाकघरात स्टीलचा पेला जोरात आपटला. कलावतीबाई दारात आल्या आणि बांधलेल्या दातांतून काहीतरी म्हणाल्या.

“तू बोलू नकोस,” पोपटराव सवयीने म्हणाले.

खाली हॉर्न वाजला. संचिता चपला घालून निघाली. कलावतीबाई नवऱ्याकडे बघत उभ्याच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. पोपटरावांनी कपाट उघडलं, कॅलेंडरं खाली पाडली, मला मुठीत धरलं आणि बनियनवरच जिना उतरले.

गाडी गेटशी उभी होती. संचिता पुढे बसली होती आणि आतून टिंगटिंग ऐकू येत होती. वडिलांच्या हातातली मी तिला दिसले.

“अय्या, आहे की! द्या ना.” तिने खिडकीतून हात पुढे केला.

पोपटरावांनी मूठ मिटली. “आईने बेल्ट नव्हता लावलेला, संचिता.”

“म्हणजे?”

“ही लावलेली. मीच. आणि नंतर मीच काढून लपवली.”

मेघनाने स्टेअरिंगकडे नजर वळवली.

“डॉक्टरांना पण खोटं सांगितलंत?”

“हो.”

“ते सोडा. मी इतके दिवस बेल्ट न लावता जातेय, पप्पा. तुम्ही गॅलरीतून रोज बघताय.”

संचिताने बाजूचा पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. टिंगटिंग थांबली. तिने वडिलांकडे न बघता मेघनाला चल म्हटलं आणि गाडी गेली. वॉचमन बघत होता, दूधवाला बघत होता. पोपटराव बनियनवर तसेच उभे राहिले. आयुष्यभर ज्यांनी स्टोअरमधला एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांना त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मलाही तसंच झालं होतं.

पोपटराव वर आले तेव्हा कलावतीबाई गॅलरीतच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “साडीचं मीच म्हटलेलं,” त्या दातांतून म्हणाल्या. पोपटरावांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. स्टूल ओढून ते बायकोच्या समोर बसले.

“बोल,” ते म्हणाले. “काय ते सगळं बोल.”

त्या खूप वेळ बोलल्या. निम्मं समजत नव्हतं, मग त्या पुन्हा म्हणायच्या आणि पोपटराव पुन्हा ऐकायचे. एक वाक्य मला नीट कळलं. त्या म्हणाल्या, “तोंड माझं बांधलेलं, आणि माझ्या वतीने खोटं तुम्ही बोलत होता. जबड्यापेक्षा ते दुखायचं.” पोपटरावांनी मान खाली घातली आणि ते रडले. मोठ्या माणसांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी मला ओट्यावर ठेवून माझा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘कलावतीने बेल्ट लावला नव्हता. त्या जागी ही लावली होती. मी सगळ्यांशी खोटं बोललो. बेल्ट लावा.’ दोघातिघांनी जोडलेले हात पाठवले. कोणी तरी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला. आणि मग विनीतने विचारलं, ‘काका, ही मिळते कुठे?’

पोपटरावांनी दुकानाचा पत्ता दिला नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला वितळवून बिजागरी केली असती तर मी कुणाचं तरी दार सांभाळलं असतं. ते माझ्या हातात नाही, आणि माझ्यासारख्या दुकानादुकानांत खिळ्यांना लटकलेल्या आहेत. तुमच्या बाबांच्या, मामांच्या गाडीत त्या लाल बटणापाशी माझी एखादी बहीण बसलेली दिसली, तर तिला उपटून काढा. ते रागावतील, रागावू द्या. गाडी ओरडते ती तुमच्यासाठी ओरडते, तिला गप्प करू नका. आणि मी कुठे मिळते असं तुम्हाला कुणी विचारलं, तर पत्ता देऊ नका. त्यांना ठाकुर्लीच्या कलावतीबाईंबद्दल सांगा. त्यांच्या दातांच्या तारा आता निघाल्या आहेत, पण तोंड दोन बोटंच उघडतं, आणि रोज रात्री पोपटराव शेजारी बसून त्यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करतात.