घरातला एकुलता एक किडका दात

दातांच्या डॉक्टरला मी भितो. यात लाजण्यासारखं काय आहे, असं मी पंचेचाळीस वर्षं म्हणत आलोय. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मी. आठव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो, तेव्हा काही वाटत नाही. पण ते चिमुकलं ड्रिल घुंऽऽ करायला लागलं, की मी चपला शोधायला लागतो. आणि नशीब असं, की सख्खी वहिनीच दातांची डॉक्टर.

वहिनीने तिकडे मायदेशी बावीस वर्षं दवाखाना चालवला. मग दादाची बदली इकडे परदेशात झाली आणि कळलं, की तिकडची पदवी इकडे चालत नाही. इथला परवाना हवा, त्यासाठी इथली परीक्षा हवी. तोवर ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. मुलाच्या वयाच्या डॉक्टरला हत्यारं द्यायची, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरायची. दोन वर्षं. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. तिने कधी कुरकुर केली नाही, पण तिचं हसणं कमी झालं होतं, हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही दिसत होतं.

लेखी परीक्षा तिने एका फटक्यात काढली. घोडं अडलं प्रात्यक्षिकात. तिथे आपला पेशंट आपणच न्यायचा, आणि त्याचा दातही त्यांना हवा तसाच किडलेला हवा: दोन दाढांच्या मधे, कीड आत गेलेली पण नसेपर्यंत न पोचलेली. पहिल्या वेळी वरच्या मजल्यावरचे शेजारी कबूल झाले होते. ऐन दिवशी त्यांनी फोन बंद करून ठेवला. पेशंट नाही म्हणजे नापास. संधी दोनच. त्या हुकल्या, की दोन वर्षं पुन्हा कॉलेज.

“या वेळी नाही झालं, तर मी नळीच धरीन, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “पन्नाशीला पुन्हा बाकावर नाही बसायची.”

शोध सुरू झाला. घरात तर किडका दात औषधालाही नव्हता. वहिनीने आजवर एकेकाला धरून सगळे भरून टाकले होते, आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा! सुटलो होतो तो मी एकटा. ती तपासायला बोलवायची त्या दिवशी माझी कुठली ना कुठली लिफ्ट हमखास अडकायची.

एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना मी गार पाणी प्यायलो आणि तोंडातून ‘स्सऽऽ’ निघालं. वहिनीने घास खाली ठेवला.

“कुठल्या बाजूला?”

“कुठे काय?”

“वरची दाढ की खालची?”

दादाने माझ्याच पिशवीतली बॅटरी काढून तिच्या हातात दिली. सख्खा भाऊ! दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. तो उजेडात धरून वहिनी म्हणाली, “काय सुंदर किडलाय हो!” माझ्या कुठल्याही गोष्टीचं इतक्या मनापासून कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि तोवर कीड वाढता कामा नये, म्हणून माझं गोड बंद झालं. दादा रोज सकाळी फोन करून दाताची खुशाली विचारायचा. माझी नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये वीस खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. उमेदवाराला नाव नाही, नुसता नंबर. नियम असा, की दात कोरून झाला की पेशंटने एकट्याने शेजारच्या खोलीत जाऊन परीक्षकांना दाखवायचा, त्यांनी होकार दिला की परत येऊन भरून घ्यायचा. तेवढ्या वेळात घड्याळ थांबत नाही. मी गेलो तर रांग ही एवढी! पाऊण तास भिंतीला टेकून उभा होतो. परत आलो तेव्हा हातात चिठ्ठी होती, ‘एक कोपरा आणखी साफ करून भरावा’, आणि बधिर झालेला गाल जागा व्हायला लागला होता.

वहिनीने ड्रिल लावलं आणि कळ थेट कानात गेली. पण मी हललो नाही. मी, जन्माचा भित्रा, खुर्चीचे हात आवळून छताकडे बघत राहिलो. पस्तीस मिनिटं उरली होती.

ड्रिल थांबलं. “दुखतंय तुम्हाला.”

“नाही.”

“डोळ्यांत पाणी आलंय.”

“वहिनी, घड्याळ बघ! उरक लवकर, मी सोसतो.”

“दुखत्या दाताला मी ड्रिल लावत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “बावीस वर्षांत लावलं नाही. आज माझी परीक्षा आहे म्हणून लावू?”

तिने पुन्हा इंजेक्शन दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दहा मिनिटं! मला तिचा असा राग आला, की बोलायची सोय नव्हती म्हणून बरं. ही बाई जन्मभर नळी धरणार, आणि तीही माझ्या दाढेपायी. मग तिने दाढेवर टिचकी मारून बघितलं, मान हलवली आणि कामाला लागली. हातांत कसली घाई म्हणून नव्हती. दाढ भरली, शेवटी रंगीत कागद चावायला लावून भरलेल्याचा उंच भाग घासला, माझे ओठ पुसले आणि हत्यारं खाली ठेवली. घंटा वाजली ती त्यानंतर जेमतेम मिनिटभराने.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पास. दादाने मोठ्याने वाचला. वहिनीने मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचला, मग उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. आम्ही कोणी तिच्यामागे गेलो नाही. मला इतका आनंद झाला होता, की मी मोबाइल घेऊन निकाल पुन्हा एकदा वाचून काढला.

परवाना मिळाला आणि त्याच दवाखान्यात तिने कामाला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दाढ दाखवायला मी आपण होऊन गेलो, तर म्हणते, “थांबा, आधी पेशंट, मग घरचे.” मी दाराशी बसलो. आत एक म्हातारबाई खुर्चीत आडव्या झाल्या. नेहमीच्या असाव्यात, कारण वहिनीला बघून ओळखीचं हसल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “बाई, आज डॉक्टर नाहीत का?”

“आहेत की,” वहिनी म्हणाली. मदतनिसाचं डावीकडचं स्टूल तिने पायाने बाजूला सारलं आणि वळसा घालून उजवीकडच्या स्टुलावर येऊन बसली. “सांगा आजी, कुठे दुखतंय?”