घसरलेल्या माऊसची कैफियत

मी माऊस बोलतोय. फोटो स्टुडिओतल्या टेबलावरचा, काळा, वायरवाला, डावं बटण जरा चेपलेला. माझं नाव तुमच्या कानावर आलं असेल तर ते बदनामीतच आलं असणार. ‘माऊस घसरला!’ ही आरोळी आमच्या गल्लीत रोज दुपारी उठते. शेजारचा किल्लीवाला आता मान वर करूनसुद्धा बघत नाही. तर तो घसरणारा म्हणतात तो मीच. आज मला बोलायचं आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, गोड बोलायचा माझा अजिबात विचार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसायची. प्रत्येक माऊस कानाशी धरून ती त्याची टिचकी ऐकायची आणि आवाज पटला नाही तर सरळ बाजूला फेकायची. मला तिने ऐकलं, मान डोलावली आणि खोक्यात ठेवलं. म्हणजे मी पास होऊन आलेला माऊस आहे. वशिल्याने आलेला नाही.

मला विकत घेतलं ते फोटोवाल्याने. कशासाठी, तर फोटो साफ करायला. कुणाच्या गालावरची पुटकुळी काढ, कुणाची वाकडी कॉलर सरळ कर, कुणाच्या टकलावर पडलेला उजेड कमी कर. हे काम मात्र तो असं करतो की बघत राहावं. जीभ दातात धरून, श्वास रोखून, मला केसाएवढं हलवतो. एका काकूंना विरळ भुवया नको होत्या, तर त्याने एकेक केस रेखून दिला. काकू खूश होऊन बहिणीला घेऊन आल्या. त्या सगळ्या कामात मी एकदाही घसरलो नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

मग जेवणं होतात, गिऱ्हाईक ओसरतं, त्याची बायको कटरवर फोटो कापत बसते आणि हा पडद्यावर पट उघडतो. ब्लिट्झ! म्हणजे तीन मिनिटांचं बुद्धिबळ. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला अनोळखी माणूस समोर येतो, दोघांचं घड्याळ पळायला लागतं, आणि वेळ संपली की राजा धडधाकट असला तरी डाव गेला. तिथे आमच्या मालकाचं नाव आहे ‘वादळ’. पंख्याचा वेग वाढवायला खुर्चीतून उठत नाही हा माणूस. बायकोला हाक मारतो. आणि नाव वादळ!

या वादळाचा खेळ मी जितका जवळून पाहिला, तितका कुणीच पाहिला नसेल. कारण तो खेळतो तेव्हा त्याचा घामट तळवा माझ्या पाठीवर असतो. तर ऐका. डाव सुरू झाला की याचं एकच. घोडा पुढे काढायचा, उंट पुढे काढायचा, मग घोडा समोरच्याच्या तोंडात द्यायचा आणि त्याने तो खाल्ला की वजीर थेट त्याच्या राजाच्या अंगावर धाडायचा. पांढरी मोहरी असोत की काळी, समोर नवखा असो की मुरलेला, हेच. समोरचा काय करतोय, त्याच्या मनात काय आहे, असली चौकशी करणं याला कमीपणाचं वाटतं.

आता उगाच खोटं कशाला बोलू? याच्यात काही गुणही आहेत. हात विजेसारखा चालतो. घड्याळ संपत आलं की समोरच्याची बोबडी वळते, आणि हा मात्र त्याच वेळी रंगात येतो. घोड्याने एकदम राजा आणि हत्ती दोघांवर डोळा ठेवायची चाल तर याला लांबून दिसते. असल्या चालीवर त्याने बरेच डाव मारलेत. मला तेव्हा अभिमान वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, वाटायचाच, लपवत नाही.

पण जिंकला की हा ‘बघितलंस का, माझा डाव!’ म्हणतो आणि हरला की ‘माऊस घसरला!’ म्हणतो. हे कुठलं गणित? डाव तुझा आणि घसरणं माझं? याच टेबलाच्या खणात माझ्या आधीचे दोन माऊस पडलेत, वायरी गुंडाळून. दोघांवर हाच आरोप. खण उघडला की ते माझ्याकडे असे बघतात, की आता तुझी पाळी.

हरलेला डाव परत उघडून बघणं हा तर याला अपमान वाटतो. शेवटाकडचा खेळ, म्हणजे पटावर दोन-चार प्यादी आणि राजे उरतात तो, याला येतच नाही. तिथे धीर लागतो. आणि धीर याने सगळा काकूंच्या भुवयांत संपवलेला असतो.

पण याची खरी खोड वेगळीच आहे, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. तिचं नाव आगाऊ चाल. या ऑनलाइन खेळात एक सोय असते. समोरच्याने खेळायच्या आधीच तुम्ही आपली पुढची चाल ठरवून ठेवू शकता. त्याने मोहरं हलवलं रे हलवलं की तुमची चाल आपोआप पडते. वेळ वाचतो. पण समोरच्याने भलतंच काही केलं तरी ती पडतेच, कुणाची वाट बघत नाही. शहाणी माणसं ही सोय मिठासारखी वापरतात. आमचा मालक पोत्याने वापरतो.

आणि नुसती पटावर असती तर एक वेळ चाललं असतं. हा बोलण्यातही आगाऊ चाल ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फोटो काढायचा होता...’ की हा म्हणतो, ‘पांढरा पडदा, बसा, हनुवटी वर.’ त्या बिचाऱ्याला भिंतीवर लावलेल्या नमुन्यातला आपला जुना फोटो खाली काढून हवा असतो. बायको म्हणते, ‘अरे, ऐकून तरी घे समोरचं!’ तर हा म्हणतो, ‘हो हो, ऐकलं.’ तेही तिचं बोलणं संपायच्या आधीच.

त्याची एक मुलगी आहे. घरात सगळे तिला खारू म्हणतात, कारण ती हातात येईल ते कुरतडते. पेन्सिल, फ्रॉकची नाडी, स्वतःची नखं. शाळेतून आली की बापाच्या मागे स्टुलावर बसून कुरतडत त्याचे डाव बघते. बोलत नाही, नुसती बघते. बापाला वाटायचं, पोर आपल्यावर फिदा आहे. मला तेव्हाच शंका आली होती. फिदा माणूस असा डोळे बारीक करून बघत नाही.

या गावात एक बुद्धिबळ क्लब आहे. तिथले सर दरवर्षी पाच जणांची टीम घेऊन दुसऱ्या क्लबशी सामना खेळतात. यंदा चार पटांवर कोण बसणार ते ठरलं होतं, पाचवा रिकामा होता. आमच्या वादळाने तो पट आपलाच धरला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झालं. किल्लीवाल्याला तर दोनदा सांगितलं. सामन्यासाठी घालायचा निळा शर्ट इस्त्री करून पडद्यामागे टांगूनही ठेवला.

एके दिवशी खारू म्हणाली, ‘बाबा, टीममध्ये पाचव्या पटासाठी मी...’

‘हो हो, येशील की!’ बाप पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. ‘माझी पाण्याची बाटली धरायला तू. ठरलं.’

खारूचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. ‘मी नाव दिलंय’ असं म्हणायचं होतं तिला. तोंड एवढंसं झालं पोरीचं. त्या दिवशी तिने पेन्सिल कुरतडली नाही, मोडली. एवढा राग आला मला त्याचा! पण मी काय करणार, माझ्याच पाठीवर त्याचा हात.

शेवटी बापाला कळलं ते सरांच्या फोनवरून. सर म्हणाले, ‘दोघांची नावं आली आहेत. तुम्ही एक डाव खेळा. ऑनलाइनच खेळा, म्हणजे मला घरून बघता येईल. कुठला खेळ, ते खारूलाच ठरवू दे.’

बाप हसला. खुर्चीत मागे रेलून हसला. बायको म्हणाली, ‘हसतोस काय? लेक आहे तुझी.’

‘म्हणून तर हसतोय. हळूहळू विचार करत खेळायचा मोठा डाव मागेल ही. माग बाई, माग.’

‘नको,’ खारू म्हणाली. ‘ब्लिट्झच. तुझाच खेळ खेळू, बाबा.’

मी मनात म्हटलं, आता बस बोंबलत, वादळा.

दुपारीच डाव लागला. बाप टेबलाशी, खारू आईचा फोन घेऊन स्टुलावर, आई कटरवर. चहा नुकताच झाला होता. बापाचा कप माझ्या उजवीकडे, वायरीला लागून. पांढरी मोहरी बापाची. घोडा निघाला, उंट निघाला, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात बसला. खारू सावकाश खेळत होती, म्हणजे ब्लिट्झच्या मानाने सावकाश. बाप गुणगुणत होता. ‘काय गं, झोप आली का?’ असं डिवचतही होता.

मग त्याने नेहमीप्रमाणे घोडा तिच्या तोंडात दिला. आणि नेहमीप्रमाणे आगाऊ चाल ठेवली. ती घोडा खाणार, याचा वजीर तिच्या राजाच्या अंगावर जाणार, संपलं. इतकी खात्री होती त्याला की माझ्यावरचा हात काढला आणि चहाचा कप उचलला. पहिला घोट घेतला. मिटक्या मारत.

खारूने घोड्याकडे बघितलंही नाही. राजासमोरचं एक प्यादं तिने एक घर पुढे सरकवलं. बस्स, एवढंच. ते प्यादं आता नेमकं त्या घरावर डोळा ठेवून होतं, जिथे वजीर येणार होता. आणि वजीर आला! कुणी न बोलावता, आपल्या पायाने, आगाऊ चालीने उडत आला आणि प्याद्याच्या पुढ्यात बसला. प्याद्याने त्याला खाल्लं.

चहा शर्टावर गेला. पुढे खेळायला काही उरलंच नाही. दोन-चार चाली त्याने नुसतीच आदळआपट केली, आणि मात झाली.

‘माऊस घसरला!’ तो ओरडला. मला उचलून टेबलावर आपटलं. बटण आणखी चेपलं. ‘माऊस घसरला, हा डाव धरायचा नाही! पुन्हा खेळू!’

कटर थांबलं. खारू स्टुलावरून उठली. आवाज चढवला नाही तिने, रडलीही नाही. नुसतं विचारलं, ‘बाबा, हात कुठे होता तुझा?’

तो शर्टावरचा चहा पुसायला लागला.

‘माऊसवर नव्हता. कपावर होता. मी बघत होते. मी रोज बघते.’

अगं माझी बाय! इतकी वर्षं एवढं एकच वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून माझा जीव तळमळत होता. खणातल्या त्या दोघांना ऐकू गेलं असेल का? मला वाटतं गेलं असावं.

एवढ्यात सरांचा फोन वाजला. बापाने स्पीकरवर घेतला.

‘काय हो, वजीर असा कसा दिलात? चुकून क्लिक झालं का? तसं असेल तर सांगा, पुन्हा खेळवू. इथे मला फक्त चाली दिसतात.’

वाट आयती मोकळी झाली होती. सरांना हात दिसत नव्हता, कप दिसत नव्हता. ‘हो सर, माऊस घसरला’ एवढं म्हटलं की काम झालं. हे वाक्य त्याच्या जिभेवर कायम तयारच असतं. खारू खाली मान घालून स्वतःच्या चपलेकडे बघत होती. तिला माहीत होतं, बाप काय म्हणणार. मलाही माहीत होतं. त्याने तोंड उघडलं आणि मी नव्या अपमानाची तयारी केली.

पण आवाज आला नाही. त्या माणसाला बोलायच्या आधी थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘नाही सर,’ तो म्हणाला. ‘माऊसला काही झालं नाही. मी... मी चहा पीत होतो.’

‘काय?’

‘चहा पीत होतो. तिने हरवलं मला. पाचवा पट खारूचा.’ मग घसा खाकरून म्हणाला, ‘पाण्याची बाटली धरायला मी येईन.’

खारूने झटकन वर बघितलं. तिची आई कटरचा दांडा खाली न दाबता तसाच धरून राहिली. मग एकदम म्हणाली, ‘शर्ट काढ तो, डाग बसेल.’

सामन्याच्या दिवशी दुकान बंद होतं. निळा शर्ट घालून, बाटली काखेत मारून वादळ लेकीच्या मागून गेलं. काय झालं तिथे, मला सांगता येणार नाही. मी टेबलावरच होतो. आल्यावर दोघंही इतकं बोलत होते की कुणाचंच धड कळेना. एवढं कळलं की खारूने डाव बरोबरीत सोडवला, तोही शेवटाकडचा, दोन-चार प्याद्यांचा. आणि बापाने म्हणे अख्खा डाव उभ्याने बघितला.

तुम्हाला वाटेल, मालक सुधारला. कसला सुधारतोय! अजून घोडा तोंडात देतो. अजून वजीर धाडतो. गिऱ्हाईकाचं वाक्य अजून मध्येच तोडतो. माझं बटण दाबायला आता जोर लागतो आणि एक दिवस मीही त्या दोघांशेजारी खणात जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. जाईन. पण मोडलो म्हणून जाईन, घसरलो म्हणून नाही.

आणि तुम्ही, जे कुठे कुठे बसून माझ्या भाऊबंदांच्या पाठी घामाने भिजवता, तुम्हालाही सांगतो. हरलात की खुशाल ओरडा, पण ओरडण्याआधी आपला हात कुठे आहे तेवढा बघा.

परवाच हा पुन्हा हरला. आगाऊ चालीनेच. तोंड उघडलं. मागे स्टुलावर खारू पेन्सिल कुरतडत बसली होती. त्याने हळूच हाताकडे बघितलं, मग कप टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवला आणि म्हणाला, ‘ये गं इकडे. दाखव, कुठे चुकलं माझं.’