चाळणीतून गाळलेला फ्लॉवर

एका हॉटेलातल्या आचाऱ्याला एकाच गोष्टीची घमेंड होती. आपल्या हातचं ताट कधी परत येत नाही म्हणे! आणि घरात त्याची सहा वर्षांची पोरगी, ऑटिझम असलेली, मोकळा भात, दूध आणि कुस्करलेला बटाटा एवढ्यावरच जगत होती. दुसरं काही ताटाजवळ आलं की कानांवर हात ठेवून किंचाळायची. वजन वाढेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी निक्षून सांगितलं होतं, की नवा पदार्थ वेगळ्या वाटीत ठेवा, तिला नुसता बघू द्या, महिने लागले तरी लागू देत. पण ती विश्वासाने जे खाते त्यात काही लपवू नका. बायकोने ते तंतोतंत पाळलं. आचाऱ्याला मात्र हसू आलं. ही बाई आपल्याला खाऊ घालायला शिकवणार! पदार्थात काय मिसळलंय याचा भल्याभल्या खवय्यांना त्याने थांगपत्ता लागू दिला नव्हता, तिथे या चिमुरडीची काय कथा?

बायको बाहेर गेल्याबरोबर पठ्ठ्याने फ्लॉवर वाफवला, वाटला, चाळणीतून गाळला आणि बटाट्यात एकजीव केला. रंग तोच, मऊपणा तोच. चाखून बघितला आणि स्वतःवरच खूश झाला.

पोरीने घास घेतला आणि तिचं चावणं थांबलं. एरवी कुणाच्या नजरेला नजर न देणारी पोर बापाकडे बघत राहिली. मग तिने घास थुंकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बटाटा सुटला, पाठोपाठ भात, मग दूधही. आचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्यासमोर बसून त्याने बटाटे सोलले, स्वतः खाऊन दाखवले, गयावया केली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी दवाखान्यात नाकातून नळी घालावी लागली. चौघांनी तिला दाबून धरलं होतं, त्यात तो स्वतःही होता.

बऱ्याच दिवसांनी तिने आईच्या हातून चमचाभर दूध घेतलं. आचारी आनंदाने धावत आत आला. त्याला बघताच पोरीने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं.

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "ती खात असताना यापुढे समोर येऊ नका."

तो दार ओढून बाहेर उभा राहिला. थोड्या वेळाने आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. पोरगी खात होती.