वडिवळ्याच्या उतारावरचा अर्धा कापलेला दगड

मित्रांनो, वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, नथूआबांच्या भातखाचराच्या कडेला मी पडून असतो. मी एक जुना, अर्धवट कापलेला काळा दगड आहे.

किती जुना, ते मलाही सांगता येणार नाही. पूर्वी या उतारावर दगडाची खाण होती. पाथरवट कातळात ओळीने भोकं पाडत, त्यांत लोखंडी पाचरा ठोकत आणि दगड सरळ रेषेत फोडून घेत. माझ्या सोबत्यांचे खांब झाले, पायऱ्या झाल्या. माझाही खांबच व्हायचा होता. सहा भोकं झाली, सातवं निम्मं झालं आणि माझ्या पोटात चीर निघाली. पाथरवट हळहळला आणि दुसऱ्या कातळाकडे वळला. मला फार वाईट वाटलं.

पुढे खाण बंद पडली, गवत माजलं. माणसं माझ्यावर भाताचे भारे टेकवत, भाकरी खायला बसत. माझी भोकं पावसाने पडली, असंच सगळ्यांना वाटे.

गेल्या उन्हाळ्यात आबांनी शेतापर्यंत जीप यावी म्हणून रस्ता काढायला घेतला. मी नेमका मध्ये! मला फोडायला मशीन आलं. तेवढ्यात उतारावर खुणा शोधत फिरणाऱ्या तळेगावच्या राजेश्वरीताई धावत आल्या. त्या जुन्या खाणींचा अभ्यास करतात.

"आबा, जरा थांबता का? ही भोकं माणसाने पाडलीत. इथे खाण होती."

"खाण? हितं? आमी जल्मापासून हितंच हाय की, ताई."

पण आबा खाली बसले. त्यांचे वडील विहिरी खोदायचे. तरुणपणी आबांनीही छिन्नी चालवली होती. भोकात बोट घालून ते घाव चाचपत राहिले.

"ताई, ह्ये समदे घाव उलट्या अंगानं आल्यात. मानूस डावखुरा व्हता!"

ताईंनी वाकून भोकात पाहिलं. "हे माझ्या लक्षातच आलं नसतं, आबा."

मित्रांनो, तो खरंच डावखुरा होता! इतक्या वर्षांत त्याला ओळखणारं कुणी भेटलं नव्हतं. मला झालेला आनंद काय सांगू!

आबा उठले. "मशीन मागं घे रं. रस्ता खाचरातनं वळवू. दोन वळी भात कमी हुईल, हुऊ दे."

ताईंनी माझी मापं घेतली. गवतात असे आणखी नऊ दगड सापडले. आता शाळेतली मुलं येतात, तेव्हा घाव कसा घालायचा ते आबाच दाखवतात. मी सुखात आहे.

तुमच्या शिवारातही असे दगड असतील. त्यांच्यावर नावं कोरू नका, घाईने फोडू नका. आधी गावातल्या एखाद्या जुन्या कारागिराला बोलवा आणि त्याचं नीट ऐकून घ्या. आम्हाला बोलता येत नाही, आणि आम्हाला वाचू शकणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.