पेसाहच्या दुपारी गवत मागणारा हातगाडा

मी एक जुना, दोन चाकांचा हातगाडा आहे. पण मित्रांनो, माझा जन्म गाडा म्हणून झालेला नाही. भायखळ्याच्या एका सुताराने आंब्याच्या फळ्या ठोकून मला आधी खोका केले. एकोणीसशे सहासष्ट साली अबाजी वाक्रुळकरांचे मूळचे कोकणातले ज्यू कुटुंब मुंबई सोडून इस्रायलला निघाले. माणसे विमानाने गेली आणि सामान माझ्या पोटात बसून बोटीने गेले. पितळी हंडे, लुगडी, पाटा-वरवंटा, आणि सगळ्यांच्या वर गोधडीत गुंडाळलेली अबाजींची हार्मोनियम. अबाजी कीर्तनकार होते. पवित्र शास्त्रातल्या कथा ते मराठीत गाऊन सांगत. एलातच्या बंदरात मला उघडले, तेव्हा त्यांनी आधी एक सूर धरून पाहिला. सूर लागला.

"आता बाकीचं फुटलं असलं तरी चालेल," ते म्हणाले.

"तुमचं चालेल. हंडे माझे आहेत," फ्लोराबाई म्हणाल्या. या त्यांच्या पत्नी.

अश्दोदजवळच्या एका मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी गावात, त्यांना घर आणि गोठा मिळाला. अबाजी बंदरावर नोकरीला लागले आणि फ्लोराबाईंनी गायी पाळल्या. रिकामा खोका जाळायचा का ठेवायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा अबाजींनी मला दोन चाके लावली. एक चाक मोडक्या सायकलचे, दुसरे मोटारसायकलचे. म्हणून मी चालताना जरा लंगडतो. पण मित्रांनो, लंगडत का होईना, बारा वर्षे मी रोज गोठ्यात चारा नेला.

गायी तीन होत्या. ढवळी, चांदी आणि मोरी. तिघी काळ्या-पांढऱ्याच, पण फ्लोराबाईंना नावे गावाकडचीच हवी होती. मोरी सगळ्यांत जास्त दूध द्यायची. घरात एक नियम होता. आधी गोठ्यात चारा पडायचा, मग घरात ताटे मांडायची. शास्त्रात आधी गुरांचे गवत आले आहे आणि मग माणसाचे जेवण, असे अबाजी सांगत. मला ढकलताना ते रिबकेचे आख्यान गुणगुणत. विहिरीवर आलेल्या परक्या पाहुण्याच्या दहा उंटांना तिने पोटभर पाणी पाजले, ती कथा.

"किती घागरी ओढल्या असतील गो तिने?" ते विचारत.

"तुम्ही गात राहिलात तर मलाच ओढाव्या लागतील. चला पुढे," फ्लोराबाई म्हणत.

मग एकोणऐंशी साल उजाडले. इथे पाऊस हिवाळ्यातच पडतो, आणि आदल्या हिवाळ्यात तो पडलाच नाही म्हणा ना. रानातले गवत बोटभर वाढून पिवळे पडले. गवताचे गठ्ठे ट्रकमधून आणणारा उझी नावाचा व्यापारी दर शुक्रवारी यायचा आणि दर शुक्रवारी नवा भाव सांगायचा.

"मागच्या आठवड्यात असं नव्हतं," फ्लोराबाई म्हणाल्या.

"बाई, मागच्या आठवड्याचा भाव मागच्या आठवड्याबरोबर गेला," उझी हसत म्हणाला. "मोरी सगळ्यांत जास्त खाते, तिला कसायाला द्या. एक गाय गेली तर दोघींचं भागेल. मी गिऱ्हाईक आणतो."

"गवत आण. गिऱ्हाईक मी मागितलेलं नाही."

त्यांची मुलगी अविवा नुकतीच सैन्यातली नोकरी संपवून घरी आली होती. तिने आईशी मराठीत बोलायचे कधीच सोडले होते. "इमा, दाय," ती हिब्रूत म्हणाली. आई, पुरे आता. "एक गाय विक. सगळेच विकताहेत."

"मोरी गाभण आहे. पावसाळी गवत उगवेपर्यंत ह्या गोठ्यातून एकही गाय जाणार नाही. तू ते दाय तुझ्या सैन्यात ठेव, पोरी."

मी कोपऱ्यात उभा होतो. गोठ्यात फक्त पाच गठ्ठे उरले होते, हे मला माहीत होते, कारण ते मीच आणले होते.

एप्रिलमध्ये पेसाहचा सण आला. मित्रांनो, या सणात आठवडाभर घरात खमिराचा कणही ठेवत नाहीत. सणाच्या आदल्या सकाळी उरलेला पाव लोक अंगणात जाळून टाकतात. त्याच सकाळी शेवटचा गठ्ठा संपला. उझीचा ट्रक आता सण झाल्यावरच येणार होता. फ्लोराबाई अंगणात उभ्या राहून गावभर निघणारा धूर पाहत होत्या.

"गायी उपाशी आणि अन्न जाळायचं?" त्या म्हणाल्या आणि माझी दांडी त्यांनी धरली.

त्या सकाळी आम्ही घरोघर फिरलो. लोक खुशीने पाव टाकत होते, घर लवकर साफ होत होते ना. समोरच्या घरातली योना फटकळ तोंडाची बाई होती. ती म्हणाली, "तुमच्या हिंदुस्थानात गायीची पूजा करतात म्हणे. तूही करतेस का?"

"पूजा नाही करत, पोसते. तुझा पाव टाक," फ्लोराबाई म्हणाल्या.

पाच पोती भरली. आणि इथेच चूक झाली, मित्रांनो. ती दुष्ट माणसाची चूक नव्हती. भाविक माणसाची होती. दहा वाजायच्या आत खमीर घराबाहेर गेले पाहिजे. ठेवता येत नाही आणि जाळायला मन धजत नाही. फ्लोराबाईंनी ते सगळेच्या सगळे गव्हाणीत ओतले.

"थोडं थोडं घाल गो," अबाजी म्हणाले.

"थोडं आज घातलं तर उरलेलं कुठे ठेवू? तुमच्या हार्मोनियमखाली?"

चांदी आणि ढवळीने तोंड लावले आणि सोडून दिले. मोरी मात्र भुकेली आणि पोटुशी. ती खातच राहिली.

दुपारी दोनच्या सुमाराला मोरी खाली बसली. तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. रवंथ बंद झाले होते. अविवा सायकल काढून शेजारच्या किबुत्सवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीवर, गेली आणि गुरांच्या डॉक्टरला, झेएवला, घेऊन आली. त्याने कुशीवर टिचकी मारली, कान लावला आणि फ्लोराबाईंकडे पाहिले.

"पाव किती घातलास?"

त्यांनी सांगितले. मग त्याने सोडा कालवून पाजला आणि तेल मागितले. फ्लोराबाईंनी सणासाठी आणलेली तेलाची नवी बाटली न उघडताच त्याच्या हातात दिली. अबाजींनी मोरीचे तोंड वर धरले आणि तेल हळूहळू पोटात गेले. मग तिला उठवून अंगणात फिरवले.

"आता हिला दुसरं काही नको," झेएव म्हणाला. "दाणा नाही, पाव नाही. फक्त सुकं, भरड गवत. थोडं थोडं, पण उद्या संध्याकाळपर्यंत सतत. रवंथ सुरू झालं तर गाय आणि वासरू दोन्ही वाचतील. गवत आहे ना?"

गव्हाणीत पावाचा चुरा तेवढा होता. अविवा खाली मान घालून तो झाडूने गोळा करू लागली.

फ्लोराबाईंनी पुन्हा माझी दांडी धरली. सकाळी त्या लोकांना नको असलेले मागायला गेल्या होत्या. आता लोकांना हवे असलेलेच मागायचे होते. गवत कोणाकडे जास्त होते? प्रत्येक गोठ्यात मोजके गठ्ठे होते, आणि सणानंतरचा भाव काय निघेल याची धास्ती प्रत्येकाला होती. पुरुष आंघोळी करून पांढरे शर्ट घालत होते. फ्लोराबाईंच्या लुगड्यावर तेल सांडले होते.

पहिले दार योनाचेच होते. माझी चाके तिथे थबकली, आणि मला वाटले, ह्या आता मागे फिरतील.

"योना, माझ्या हातून चूक झाली," फ्लोराबाई म्हणाल्या. "मी मोरीला पाव जास्त घातला. ती मरायला टेकलीय. मला गवत दे. कवेत मावेल तेवढंच."

योनाने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "सकाळी मीच टाकला ना तो पाव," ती म्हणाली. मग ती गोठ्यात गेली आणि एक कव नाही, दोन कवा घेऊन आली. "एक माझी. एक माझ्या सकाळच्या जिभेची."

त्या दुपारी आम्ही एकवीस दारे घेतली. दोघांनी नाही म्हटले, आणि त्यांचाही दोष नव्हता. बाकीच्यांनी कोणी कवभर, कोणी मूठभर दिले. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या गायीपुढचेच अर्धे उचलून दिले. सूर्य मावळायच्या आत मी काठोकाठ भरलो. माझे सायकलचे चाक वाकले, तरी मी थांबलो नाही.

मोरीने पहिली काडी तोंडात धरली, तेव्हाच फ्लोराबाई कपडे बदलायला घरात गेल्या. सणाचे ताट त्या संध्याकाळी उशिरा मांडले गेले. दुसऱ्या सकाळी अबाजी गोठ्यात आले, तेव्हा मोरी डोळे अर्धवट मिटून संथपणे रवंथ करत होती. अबाजी तिथेच बादली उपडी घालून बसले आणि रिबकेचे आख्यान पहिल्यापासून गायले. फ्लोराबाईंनी त्यांना मध्ये टोकले नाही.

पुढचा उन्हाळा कडकच गेला. उझीचे भाव चढतच होते. आम्ही रसाच्या कारखान्यातून संत्र्यांच्या साली आणल्या, भुईमुगाचा पाला आणला, रस्त्याकडेचे तण कापले. गायींनी सालींकडे आधी तोंड फिरवले. मग फ्लोराबाईंनी कोकणातल्या रीतीने भुशावर मिठाचे पाणी शिंपडून त्यात त्या थोड्या थोड्या मिसळल्या. अविवा मला ओढायची आणि तिच्या हातांना संत्र्यांचा वास लागायचा. जूनमध्ये मोरीला कालवड झाली. पावसाळी गवत उगवले तेव्हा गोठ्यात चार गायी होत्या.

मग ट्रॅक्टर आला, मित्रांनो. वैरण टाकणारी यंत्रे आली. मी गोठ्यामागे पडून राहिलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या आणि माझ्या फळ्यांना वाळवी लागली. गेल्या वर्षी लाग बाओमेर या सणाच्या होळीसाठी लाकडे गोळा करणारी मुले दोर घेऊन माझ्यापाशी आली. सुके आंब्याचे लाकूड पाहून त्यांना आनंद झाला.

फ्लोराबाई काठी टेकत बाहेर आल्या. मी म्हटले, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "जाळायचाय ना? चांगला पेटेल. पण आधी गोठ्यातल्या गायींना ह्यातून एकेक फेरी गवत नेऊन घाला. एकदम नाही, थोडं थोडं."

मुलांनी फेऱ्या घातल्या. एक मुलगी गायीच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा गाडा नको जाळूया." मग त्यांनी होळीची दुसरी लाकडे माझ्यात भरली, मला ओढत मैदानावर नेले आणि रिकामा करून परत आणून ठेवले. माझी चाके कोणीतरी पुसलीही होती.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. जनावराला त्याच्या पोटाच्या मापाने द्या, आपल्या घाईच्या मापाने नको. जवळचे संपले, तर दारोदार जायला लाजू नका, आणि कोणी तुमच्या दारी आले, तर आपल्या गव्हाणीतले थोडे उचलून द्या. ते न्यायला माझ्यासारखा एखादा लंगडा गाडा असतोच. त्याला अधूनमधून तेल घालत जा.